आधी विचारा, लोक मुंबईत येतात कशासाठी?

मुंबईच्या पर्यटनाविषयी निर्णय घेणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस व लोकप्रतिनिधींस,

सप्रेम नमस्कार.

मुंबईच्या पर्यटनाचा विषय निघाला की पाठोपाठ दुसऱ्या कुठल्यातरी शहराचे नाव निघते, हा गेल्या वीसएक वर्षांचा अनुभव आहे. २००४ च्या सुमारास मुंबईचे शांघाय करायचे होते. २०२० मध्ये लंडनच्या धर्तीवर वांद्र्याला महाकाय आकाशपाळणा उभारण्याचे जाहीर झाले. कधी सिंगापूर, कधी दुबई अशी उदाहरणे भाषणांतून येतच असतात. यांतले किती प्रत्यक्षात उतरले, हे विचारण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. पर्यटक सगळीकडे काहीतरी भव्य पाहायलाच जातो आणि मुंबईत तसे पुरेसे नसल्यामुळे ते उभारले पाहिजे, हे जे या साऱ्या घोषणांच्या मुळाशी गृहीत धरलेले असते, त्यालाच माझा आक्षेप आहे. लोक ज्यासाठी या शहरात खरोखर येतात, त्याची हेळसांड या समजापायी होत राहिली आहे.

मी गिरगावात राहते. फोर्ट, काळा घोडा, गिरगाव, भायखळा या भागांत पाहुण्यांना पायी हिंडवून शहर दाखवणे हा माझा चरितार्थ आहे, त्यामुळे आपल्या निर्णयांचा बरावाईट परिणाम थेट माझ्या पोटापाण्यावर होतो. फेरी सुरू करण्याआधी मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: मुंबईत कशासाठी आलात? त्याची जी उत्तरे मिळतात, ती पर्यटन आराखड्यांत मला क्वचितच आढळतात.

इतर शहरांकडे पाहिले तर फरक लक्षात येतो. आग्र्याला माणूस एका इमारतीसाठी जातो. २०१२ मध्ये यमुना द्रुतगती मार्ग झाल्यापासून तर दिल्लीहून सकाळी निघून, ताजमहाल पाहून रात्री परत जाणे आणखी सोपे झाले आहे, आणि शुक्रवारी ताज बंद असल्यामुळे पुष्कळ जण तो वार टाळूनच आखणी करतात. आलेल्या माणसाला एका रात्रीसाठी तरी थांबवायचे कसे, हा आग्र्यापुढचा प्रश्न आहे. काशीला जाणारा नवे काही पाहायला जातच नाही. आजोबा ज्या घाटावर बसले त्याच घाटावर त्याला बसायचे असते. २०२१ मध्ये विश्वनाथ धामाचा विस्तार झाला नसता तरी तो गेलाच असता, कारण त्याची ओढ श्रद्धेची आहे. जयपूरला लोक एखाद्या वास्तूपेक्षा एकसंध शहर पाहायला जातात. १७२७ मध्ये आखणी करून वसवलेले आणि १८७६ मध्ये ब्रिटिश युवराजाच्या स्वागतासाठी गुलाबी रंगवलेले ते शहर आहे, त्यामुळे तिथे दुकानाच्या दर्शनी भिंतीचा रंग हाच पर्यटन धोरणाचा भाग होऊन बसतो. गोव्याला जाणाऱ्याला ‘तिथे पाहण्यासारखे काय आहे’ असे कोणी विचारत नाही, कारण काही न करणे हेच त्याच्या जाण्याचे कारण असते.

आता माझ्या प्रश्नाला मुंबईत मिळणारी उत्तरे सांगते. महाराष्ट्राच्या आतल्या जिल्ह्यांतून येणाऱ्या माणसाला सर्वांत आधी समुद्र पाहायचा असतो. यवतमाळकडच्या एक बाई गिरगाव चौपाटीवर चपला हातात घेऊन पाण्यापाशी गेल्या, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले आणि मग नातवाला म्हणाल्या, “आता दाखव तुझी मुंबई.” पुढच्या साऱ्या इमारती त्यांनी सौजन्य म्हणून पाहिल्या. परदेशी पाहुण्याला मी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर नेते. ज्या वास्तूचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन दहा वर्षांनी पूर्ण झाले, तिच्या घुमटाविषयी मी बोलत असते आणि त्याचे डोळे मात्र गाडी थांबण्याआधीच फलाटावर उतरणाऱ्या माणसांवर खिळलेले असतात. सकाळी उशिरा चर्चगेटबाहेर डबेवाले पदपथावर डबे मांडून त्यांवरच्या खुणा वाचत ते वेगळे करत असतात, तेव्हा माझ्याबरोबरची मंडळी तिथून हलायला तयार नसतात. कोणी इथल्या स्टुडिओंचे आणि नटनट्यांच्या बंगल्यांचे नाव घेत येतो, कोणी कामाला आलेला असतो आणि एक दुपार मोकळी आहे म्हणून फिरतो. परळच्या कर्करोग रुग्णालयात ज्यांचे माणूस दाखल आहे असे नातेवाईकही संध्याकाळी दोन तास समुद्रावर जाऊन बसतात. त्यांना पर्यटक म्हणावे की नाही हे मला ठरवता येत नाही, पण बसायला जागा, प्यायला पाणी आणि परतीचा रस्ता त्यांनाही लागतोच.

या सगळ्यांतून एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. आग्र्याला लोक दगडासाठी जातात, काशीला देवासाठी जातात आणि मुंबईला बव्हंशी चालत्याबोलत्या शहरासाठी येतात. इथल्या नेहमीच्या जगण्याचेच त्यांना अप्रूप असते. रेल्वे, समुद्र, बाजार, गल्ल्या, खाणे आणि आपापल्या कामाला लागलेली माणसे, हे पाहायला ते आलेले असतात. यांतले काहीही नव्याने उभारावे लागत नाही. त्यांच्यापर्यंत चालत पोचता येईल, एवढी व्यवस्था मात्र करावी लागते आणि नेमकी तीच होत नाही.

मुंबईत पाहण्यासारखे कमी आहे, हा समजही खरा नाही. १९८७ मध्ये घारापुरीची लेणी, २००४ मध्ये टर्मिनसची इमारत आणि २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या भोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह, अशी तीन जागतिक वारसास्थळे मुंबईच्या पाहुण्याला मिळतात. ओव्हलच्या मधोमध उभे राहिले की पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर दिसतात आणि पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या गोलाईदार गच्च्यांच्या इमारती दिसतात. समूहात चौऱ्याण्णव इमारती आहेत आणि त्यांतल्या अनेकांत आजही माणसे राहतात, गच्चीत कपडे वाळत असतात, मैदानात एकाच वेळी अनेक सामने चालू असतात. दोन काळ एकमेकांसमोर उभे आहेत आणि मध्ये पोरे क्रिकेट खेळत आहेत, असे ठिकाण निदान मला तरी दुसरे माहीत नाही. तिकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. तिथल्या डोंगरात कोरलेल्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी, आणि पन्हळी पाहिल्या की दोन हजार वर्षांपूर्वी या बेटाच्या आसपास पावसाचे पाणी किती विचाराने साठवले जात होते ते कळते. पण लोकलने येणाऱ्या मुंबईकरालाच कान्हेरी धड माहीत नसते, मग पाहुण्याला ती कोण सांगणार?

आता तक्रारी मांडते.

सर्वांत आधी स्वच्छतागृहांची. मला फेरीचा मार्ग इमारती पाहून आखता येत नाही, तो स्वच्छतागृहे पाहून आखावा लागतो. कोणते इराणी हॉटेल चहा घेतल्यावर आतले दार वापरू देते, कोणत्या कार्यालयाचा पहारेकरी बायकांना नाही म्हणत नाही, कोणत्या सार्वजनिक शौचालयाला दुपारी कुलूप असते, ही माहिती माझ्या व्यवसायात गॉथिक कमानींच्या माहितीपेक्षा जास्त उपयोगी पडते. मधुमेह असलेल्या एका वयस्कर बाईंना एका गर्दीच्या धक्क्यावर ‘पुढे विचारा’ असे सांगत तीन ठिकाणांहून परत पाठवण्यात आले, तेव्हा त्या रडकुंडीला आल्या होत्या. त्यांच्या मुलाने मला नंतर फोन करून सांगितले की आई आता मुंबईचे नाव काढत नाही. ज्या शहरात बाईमाणसाला चार तास हिंडण्याआधी पाणी पिऊ की नको असा विचार करावा लागतो, त्या शहराने आकाशपाळण्याच्या निविदा काढू नयेत, असे मला वाटते.

दुसरी तक्रार पदपथांची आहे. जे शहर चालत पाहायचे, तिथे चालता येत नाही. पदपथ एकदा खोदला की महिनोन्‌महिने तसाच राहतो, बुजवला की त्यावर दुचाक्या येतात आणि ओळीने चालणाऱ्या दहा-बारा जणांना वाहत्या रस्त्यावर उतरावे लागते. फेरीवाल्यांना हटवा असे मी म्हणत नाही. फॅशन स्ट्रीट आणि कुलाबा कॉजवे हेही लोक पाहायलाच येतात. दुकानदार, फेरीवाला आणि चालणारा यांना एकमेकांच्या अंगावर न जाता वावरता येईल इतकी जागा आखून द्या, एवढेच म्हणणे आहे.

तिसरी बाब घारापुरीची, आणि ती जरा विस्ताराने सांगायला हवी, कारण एकाच ठिकाणाची जबाबदारी किती हातांत विभागली जाते याचा तो नमुना आहे. पाहुण्याच्या दृष्टीने एलिफंटा मुंबईत आहे, कारण होडी गेटवेहून सुटते. प्रत्यक्षात बेट रायगड जिल्ह्यातल्या उरण तालुक्यात आहे, लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत, गाव ग्रामपंचायतीकडे आहे आणि होड्यांचे नियम ठरवणारी यंत्रणा आणखी वेगळी आहे. सोमवारी लेणी बंद असतात. रात्रीच्या गाडीने येऊन सोमवारी सकाळी मुलाबाळांसह गेटवेवर उभे राहिलेले कुटुंब मी अनेकदा पाहिले आहे, आणि आज लेणी उघडी नाहीत हे त्यांना कळते ते बहुधा फुगेवाल्याकडून. रेल्वे स्थानकावर, एसटी आगारात किंवा निदान तिकीट खिडकीवर मोठ्या मराठी अक्षरांत हे लिहून लावायला किती खर्च येईल? भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्याच आवारातले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय यांना बुधवारी सुट्टी असते, तिथेही हीच तऱ्हा. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून प्रवाशांचे जीव गेले. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची चर्चा झाली. प्रत्येक प्रवाशाच्या अंगात, लहान मुलांच्या मापासकट, जाकीट घातल्याशिवाय बोट सुटणार नाही, हा नियम वर्षाचे सगळे दिवस पाळला जातो आहे, असे आपण लेखी सांगावे.

हे बेट निव्वळ लेण्यांचे नाही, हेही इथेच सांगते. समुद्राखालून केबल टाकून घारापुरीच्या वस्त्यांपर्यंत कायमची वीज पोचायला २०१८ साल उजाडले. ज्या गावाच्या अंगणातून जगभरातले लोक जात होते, त्या गावाने स्वातंत्र्यानंतरची सत्तर वर्षे अंधारात किंवा डिझेलच्या जनित्रावर काढली. पाहुण्याला काय दाखवायचे याचा विचार करताना यजमानाच्या घरात काय आहे हे पाहिले जात नाही, याचे याहून ठळक उदाहरण मला देता येणार नाही.

चौथी तक्रार अशी की जे खरे मोठ्या संख्येने येतात, त्यांना आपण पाहुणे मानतच नाही. महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर विदर्भ, मराठवाडा आणि इतर राज्यांतून येणारा समुदाय हा मुंबईत एका कारणासाठी येणाऱ्यांचा फार मोठा समुदाय आहे. शिवाजी पार्कातून ते परतताना पिशव्या भरून पुस्तके नेतात. त्या दिवसांत महापालिका मंडप, पाणी, फिरती शौचालये यांची व्यवस्था करते, हे मान्य आहे आणि त्याबद्दल कृतज्ञताही आहे. परंतु परळची बीआयटी चाळ, हिंदू कॉलनीतले राजगृह आणि फोर्टातले सिद्धार्थ महाविद्यालय ही बाबासाहेबांच्या आयुष्यातली ठिकाणे दाखवणारी सहल ६ डिसेंबरच्या आसपास ठेवण्याचा जो उपक्रम झाला, तो बारमाही का असू नये? जयपूरमध्ये एकाच तिकिटावर आमेर, हवामहल, जंतरमंतर अशी ठिकाणे पाहता येतात. मुंबईत चैत्यभूमीपासून बीआयटी चाळीपर्यंत रस्ता दाखवणाऱ्या पाट्यांची सलग साखळी तरी असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.

गणेशोत्सवाचेही तसेच. सार्वजनिक गणेशोत्सव गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून बसतो आहे आणि २०२५ मध्ये शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. दर्जा मिळाला हे चांगलेच झाले, पण आमच्या गल्लीत त्या दहा दिवसांत बाहेरगावचा माणूस वाट विचारत फिरतो तो पोरांनाच, कारण सांगणारे दुसरे कोणी नसते.

पाचवी आणि माझ्या मते सर्वांत नाजूक गोष्ट राहणाऱ्यांची आहे. मुंबईत जे दाखवायचे ते लोकांचे राहते घर, राहती गल्ली, काम करते हात आहेत. खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांच्या घरांपुढे उभे राहून लोक न विचारता आतले फोटो काढतात. वरळी किंवा माहीमच्या कोळीवाड्यात मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या तोंडासमोर मोबाइल धरतात. धारावीत गरिबी दाखवण्याचे पैसे घेतले जातात. त्या फेऱ्या मी करत नाही, करणाऱ्या सगळ्यांना मी दोषही देत नाही, कारण काही जण तिथली कारखानदारी फार जाणतेपणाने दाखवतात. परंतु त्या वस्तीला विचारले कोणी, हा प्रश्न उरतोच. दुर्लक्ष झाले तर काय होते ते युरोपात दिसते आहे. व्हेनिसला २०२४ पासून दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून ठरावीक तारखांना प्रवेश शुल्क घ्यावे लागले. त्याच वर्षी बार्सिलोनात रहिवाशांनी पर्यटकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवून निषेध केला, आणि तिथल्या नगरपालिकेने पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिकांचे परवाने २०२८ नंतर चालू न ठेवण्याचे ठरवले. त्या शहरांची नक्कल करायचीच असेल, तर त्यांना उशिरा सुचलेले शहाणपण आधी उचलावे.

अनुकरण वाईटच असते असे माझे म्हणणे नाही. अहमदाबादचे उदाहरण मी सर्वांना सांगत असते. तिथल्या महापालिकेने नोव्हेंबर १९९७ मध्ये जुन्या शहरातली पायी फेरी सुरू केली. काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघून ‘पोळ’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांतून जामा मशिदीपाशी ती संपते. त्यांनी काही बांधले नाही, असलेल्या गल्ल्यांतून माणसांना शिस्तीने नेले. २०१७ मध्ये ते शहर भारतातले पहिले जागतिक वारसा शहर ठरले. आपल्या महापालिकेच्या १८९३ च्या मुख्यालयातही पायी फेरी सुरू झाली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, कारण रोज ज्या इमारतीकडे लोक तक्रारीचा अर्ज घेऊन जातात तिचा जिना किती देखणा आहे हे त्यांना पहिल्यांदा दिसले. त्याच मार्गाने पुढे जाता येईल. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत धावू लागली आहे आणि विमानतळावरून थेट टर्मिनसपाशी, हुतात्मा चौकात किंवा गिरगावात उतरता येते. हा या शहराच्या पर्यटनाला गेल्या कित्येक वर्षांत झालेला सर्वांत मोठा लाभ आहे, आणि तो पर्यटनाच्या नावाने झालेला नाही, हेही लक्षात घ्यावे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. कोणताही नवा मोठा प्रकल्प मंजूर करण्याआधी स्थानके, विमानतळ, गेटवे, चौपाट्या आणि धर्मस्थळे येथे येणाऱ्यांना ते मुंबईत का आले, कुठे अडले आणि काय न पाहता परत चालले हे वर्षभर विचारावे, आणि ती उत्तरे मराठीत प्रसिद्ध करावीत. ही विचारपूस केवळ इंग्रजी बोलणाऱ्यांची नको, मुंबई दर्शनाच्या बसमधून येणाऱ्या कुटुंबांचीही हवी. वारसा परिसरातल्या प्रत्येक मोठ्या चौकापासून चालत दहा मिनिटांच्या आत, दिवसभर उघडे आणि बायकांना निर्धास्तपणे वापरता येईल असे स्वच्छतागृह असावे. मोठ्या स्थानकांवर सामान ठेवण्याची सोय आणि माहितीची खिडकी एकाच ठिकाणी असावी, म्हणजे सकाळी उतरून रात्री परतणाऱ्याला बोचकी वागवत फिरावे लागणार नाही. घारापुरीसाठी सगळ्या खात्यांनी मिळून एक जबाबदार अधिकारी नेमावा, ज्याचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक धक्क्यावर लिहिलेला असेल. कोळीवाडे, गावठाणे, वाड्या आणि धारावी यांच्याविषयीचे पर्यटनाचे नियम तिथल्या रहिवाशांच्या बैठकीत ठरावेत, आणि उत्पन्नातला ठरलेला वाटा त्याच वस्तीच्या नळावर, गटारावर आणि दिव्यांवर खर्च व्हावा. मार्गदर्शकांचे प्रशिक्षण व परीक्षा मराठीतूनही देता यावी, ही माझ्या धंद्यातल्या अनेक तरुणांची मागणी मी इथे जोडते.

यांतली कोणतीही मागणी त्या आकाशपाळण्याच्या खर्चाच्या आसपासही जाणार नाही, असा माझा अंदाज आहे. तो चूक असेल तर आकडे दाखवावेत, मी ते जाहीरपणे मान्य करीन. आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी टर्मिनसपासून गेटवेपर्यंत, गाडी आणि शिपाई बरोबर न घेता, माझ्याबरोबर चालावे. त्यासाठी मी शुल्क घेणार नाही. या मागण्यांवरच्या चर्चेसाठीही आपण वेळ कळवावी. पर्यटनाचा पुढचा आराखडा अंतिम होण्याआधी ती मिळावी, एवढी विनंती आहे.

कळावे.

आपली नम्र,
गिरगावातील एक पर्यटक मार्गदर्शक